तपासनीस कोणाचा नोकर?

९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू दक्षता विभागाला आग लागली आणि दहा बालके दगावली. सात बालकांना बाहेर काढता आले. तीन बालके भाजल्यामुळे आणि सात धुरात गुदमरून गेली, असे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितले. या बालकांचे आईबाप कोण होते? शेतमजूर, रोजंदारीवर जगणारे, खासगी रुग्णालयाची पायरी ज्यांना चढता येत नाही असे लोक. सरकारी रुग्णालय हेच त्यांचे एकमेव रुग्णालय. बाळ वजनाने कमी भरले म्हणून त्यांनी ते सरकारच्या ओटीत घातले, आणि सरकारने ते कापडात गुंडाळून परत केले.

या घटनेच्या बरोबर बावीस दिवस आधी, १८ डिसेंबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राजकोटच्या कोविड रुग्णालयातील आगीची स्वतःहून दखल घेत एक आदेश दिला होता. प्रत्येक राज्याने जिल्हावार समिती नेमावी आणि कोविड रुग्णालयांची आगीच्या दृष्टीने महिन्यातून एकदा तरी तपासणी करावी, असा तो आदेश. भंडाऱ्याचा शिशू विभाग कोविडचा नव्हता. आदेशाची अक्षरे तेथवर पोचत नव्हती. भंडाऱ्यानंतर राज्यातील सर्व रुग्णालयांच्या तपासणीचे फर्मान मुख्यमंत्र्यांनी सोडले. मार्चमध्ये मुंबईत भांडुपच्या एका मॉलमधील रुग्णालय पेटले. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभाग जळाला. आणि भंडाऱ्यानंतर दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण मरण पावले. हेही सरकारी रुग्णालय, आणि या वेळी विभाग कोविडचाच. सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही त्याला लागू होता आणि मुख्यमंत्र्यांचे फर्मानही.

मग शिक्षा कोणाला झाली? नगरमध्ये पोलिसांनी एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यास आणि तीन परिचारिकांना अटक केली. भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या निलंबनाबरोबर कंत्राटी परिचारिकांच्या सेवा संपुष्टात आणल्या गेल्या आणि परिचारिकांवर गुन्हाही नोंदवला गेला. हलगर्जीपणा झाला असेल तर त्याची चौकशी जरूर व्हावी. परंतु विजेची तारजोडणी परिचारिका करीत नाही, धुराची सूचना देणारी यंत्रणा ती विकत घेत नाही, वॉर्डाला दुसरा दरवाजा ठेवायचा की नाही हे तिला कोणी विचारत नाही, आणि अंदाजपत्रकात तरतूद करणे तिच्या हाती नाही. ज्यांच्या हाती हे सारे होते त्यांच्या टेबलांपर्यंत कारवाईची साखळी पोचल्याचे जनतेला दिसले नाही. जबाबदारी नेहमी उतरंडीच्या सर्वांत खालच्या मडक्यात साठते, हा आपल्या प्रशासनाचा जुना धर्म आहे.

हा प्रश्न एका पक्षाच्या राजवटीपुरता नाही, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. भंडारा आणि नगर घडले तेव्हा मुंबईत एक आघाडी सत्तेवर होती. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाशीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील शिशू विभागात आग लागून त्याच रात्री दहा बालके गेली, तेव्हा लखनौत त्या आघाडीचा कट्टर विरोधक पक्ष सत्तेवर होता. सत्ताधारी बदलतात, बिनतपासणीची इमारत बदलत नाही.

*

आगीनंतर चौकशी समिती बसते आणि बहुतेक वेळा एकच शब्द बाहेर पडतो : शॉर्टसर्किट. जणू शॉर्टसर्किट ही विजेसारखी आकाशातून कोसळणारी आपत्ती आहे. वस्तुतः ठिणगी ही आगीची सुरुवात असते, मृत्यूचे कारण नसते. ठिणगी आणि मृत्यू यांच्यामध्ये निदान पाच अडसर असावेत, अशी इमारतशास्त्राची अपेक्षा आहे : भार पेलणारी तारजोडणी, धूर ओळखणारी यंत्रणा, पहिल्या मिनिटात आग विझवणारे साधन आणि ते चालवणारा हात, धूर अडवणारी भिंत व दार, आणि बाहेर पडण्याचा मोकळा मार्ग. माणसे मरतात ती हे पाचही अडसर गैरहजर असतात म्हणून.

रुग्णालयाच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. पंखे आणि दिवे यांच्यासाठी घातलेल्या तारांवर आज वातानुकूलन यंत्रे, कृत्रिम श्वसनयंत्रे आणि बालकांना ऊब देणारी यंत्रे चोवीस तास चालतात. प्राणवायूची गळती झाली की हवेतील त्याचे प्रमाण वाढते आणि एरवी धुमसत राहिली असती ती वस्तू भडकून पेटते. कचेरीत आग लागली तर माणसे जिन्याने पळतात. अतिदक्षता विभागातला रुग्ण पळू शकत नाही आणि दोन दिवसांचे बाळ रांगूही शकत नाही. म्हणून अशा इमारतींबाबत शास्त्र सांगते की, रुग्णाला जिन्याने खाली नेण्याचा विचार नंतरचा. आधी त्याला त्याच मजल्यावरच्या, धूर न शिरणाऱ्या शेजारच्या कप्प्यात सरकवता आले पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली निघाली, १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिची सुधारणा झाली, आणि आगीपासून जीवितरक्षण हा तिचा एक संपूर्ण भाग आहे. ज्ञान कमी पडले असे म्हणण्यास कोणालाही जागा नाही. कमी पडले ते हे ज्ञान इमारतीत उतरले आहे की नाही हे जाऊन पाहणारे डोळे.

*

महाराष्ट्रात कायदा नाही काय? आहे, आणि चांगला आहे. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम' २००६ साली मंजूर झाला आणि २००८ च्या डिसेंबरात अमलात आला. इमारतीचा मालक, आणि तो नसेल तर भोगवटादार, याने आग प्रतिबंधाची साधने बसवावीत आणि ती सुस्थितीत राखावीत. दर वर्षी जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावे. अधिकाऱ्याला तपासणीचा, नोटिशीचा आणि प्रसंगी इमारत रिकामी करून तिला टाळे ठोकण्याचाही अधिकार असावा, अशी त्याची रचना आहे.

आता या रचनेतली मेख पाहा. सहामाही प्रमाणपत्र देते कोण? सरकारने परवाना दिलेली खासगी एजन्सी. तिला नेमतो कोण? इमारतीचा मालक. तिचे बिल चुकते करतो कोण? मालकच. एक एजन्सी कडक निघाली आणि 'तुमची पाण्याची टाकी कोरडी आहे, पंप बंद आहे, प्रमाणपत्र मिळणार नाही' असे म्हणाली, तर मालक पुढच्या सहामाहीत दुसरी एजन्सी शोधतो. प्रामाणिक एजन्सीचा धंदा बुडतो आणि सैल हाताची एजन्सी भरभराटीस येते. यात सगळ्या एजन्सी अप्रामाणिक आहेत असे माझे म्हणणे नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल की, ज्या बाजारात परीक्षार्थीच परीक्षक निवडतो आणि त्याचे मानधनही देतो, त्या बाजारात उत्तीर्णांचे प्रमाण वाढणारच. विद्या वाढेल याची शाश्वती नाही. तपासणी ही विक्रीची वस्तू झाली की गिऱ्हाईक तपासणी विकत घेत नाही, कागद विकत घेते.

खासगी इमारतीची ही कथा. सरकारी इमारतीची याहून विचित्र. जिल्हा रुग्णालयाची इमारत बांधतो आणि दुरुस्त करतो सार्वजनिक बांधकाम विभाग. वापरतो आरोग्य विभाग. पैसे देतो वित्त विभाग. आणि तपासणी करायची ती बहुधा स्थानिक नगरपरिषदेच्या वा महापालिकेच्या अग्निशमन दलाने, कारण ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवला आहे. लहान नगरपरिषदेचे दल म्हणजे एखाद-दुसरा बंब आणि पाळीपाळीने राबणारी मूठभर माणसे. त्या दलाच्या प्रमुखाने जिल्हा रुग्णालयाच्या मालकाला, म्हणजे प्रत्यक्ष राज्य सरकारला, नोटीस काढावी अशी अपेक्षा आहे. समजा, त्याने धैर्य करून काढली. पुढे काय? खासगी मॉलला टाळे ठोकता येते. जिल्ह्याच्या एकुलत्या एका मोठ्या रुग्णालयाला टाळे ठोकले तर रुग्णांनी जायचे कोठे? हा पेच नोटीस काढणाऱ्यालाही ठाऊक असतो आणि घेणाऱ्यालाही. म्हणून नोटीस फायलीत जाते, फायलीतून प्रस्ताव निघतो, प्रस्तावाला त्रुटी लागते, त्रुटीची पूर्तता होते आणि मार्चअखेरीस निधी परत जातो.

खुद्द राज्याचे मुख्यालय या नियमाला अपवाद नव्हते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या इमारतीला आग लागली, वरचे मजले जळाले आणि पाच माणसे मेली. जे सरकार साऱ्या राज्याला आगीचे नियम घालून देते, त्याच्या मंत्र्यांच्या दालनांची ही अवस्था. मग तालुक्याच्या शाळेत, वसतिगृहात, एस.टी.च्या आगारात आणि बाळंतिणीच्या वॉर्डात काय असेल, याची कल्पना करण्यास फार बुद्धी लागत नाही.

*

येथे एका जुन्या इतिहासाचे स्मरण करून देणे मला अगत्याचे वाटते. इंग्लंडमध्ये कापड गिरण्यांतील मुलांच्या रक्षणाचा पहिला कायदा १८०२ साली झाला. देखरेखीचे काम गावच्या प्रतिष्ठितांवर सोपवले गेले, आणि कायदा कागदावरच राहिला. १८०२ ते १८३३ या काळात पार्लमेंटने आणखी कायदे केले, परंतु त्यांच्या अंमलबजावणीसाठी एक पैही मंजूर केली नाही, याची नोंद मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात मुद्दाम केली आहे. १८३३ च्या कायद्याने प्रथमच सरकारी पगाराचे चार तपासनीस नेमले. चारच, पण ते गिरणीमालकाचे मिंधे नव्हते. त्यांच्यापैकी लिओनार्ड हॉर्नर यांच्या अहवालांनी मालकवर्गाची झोप उडवली, आणि तेच अहवाल पुढे मार्क्सच्या ग्रंथाचा एक मोठा आधार ठरले. सांगायचा मुद्दा असा की, कायदा आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये सरकारी पगाराचा, निर्भय तपासनीस उभा असतो. तो काढून घेतला की कायद्याची पोथी होते. वाचावी, पूजावी आणि फडताळात ठेवावी.

आपल्याकडे १८८१ चा कारखाना कायदा अपुरा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून निवेदन दिले, तेव्हापासून कामगार चळवळ हीच मागणी करीत आली : आमच्या कामाच्या जागेत बाहेरचा माणूस येऊ द्या, त्याला पाहू द्या, त्याला लिहू द्या. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ कामगार जळून वा उड्या टाकून मेले, त्यांत बहुसंख्य तरुण स्थलांतरित मुली होत्या आणि बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होते. त्या राखेतून तेथील कामगारांनी चौकशी आयोग आणि सुरक्षेचे कायदे उभे केले. तपासनीस हा अशा रीतीने कामगारांच्या रक्ताने कमावलेला नोकर आहे.

गेल्या पस्तीस वर्षांत याच तपासनिसाला 'इन्स्पेक्टर राज' या एका शब्दाने बदनाम करण्यात आले. उद्योगपतींच्या परिषदांतून, वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून आणि मंत्र्यांच्या भाषणांतून हा शब्द इतका घोळवला गेला की, आपल्यातल्या काहींच्याही तोंडी तो बसला. मग आले स्वयंप्रमाणन : मालकानेच लिहून द्यावे की सर्व काही ठीक आहे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तर तपासनिसाच्या पदनामालाच 'सुलभकर्ता' अशी शेपटी जोडली. ज्याने दार ठोठवायचे, त्याने आता दार धरून उभे राहायचे. नियम शिथिल करणे म्हणजे प्रगती, ही श्रद्धा लंडनमध्येही होती. तेथे १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर ही भाडेकरूंची सार्वजनिक इमारत जळाली आणि ७२ माणसे गेली. २०२४ च्या सप्टेंबरात निघालेल्या चौकशीच्या अंतिम अहवालाने, नियम कमी करण्याच्या सरकारी धोरणाचा पगडा इतका होता की जीविताच्या सुरक्षेचे प्रश्नही मागे टाकले गेले, असा ठपका ठेवला. तेथील रहिवाशांनी धोक्याचे इशारे आधीच दिले होते. गरिबांचे इशारे कोणत्याही भाषेत दिले तरी ते ऐकू येत नाहीत, एवढाच याचा अर्थ.

*

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. तपासनीस पैसे खातो. मग तपासनीस वाढवून लाचच वाढणार नाही काय? हा अनुभव खोटा नाही. परंतु त्यावरचा उपाय कोणता? पोलीस लाच घेतो म्हणून कोणी चोरांना स्वयंप्रमाणनाची मुभा देत नाही. लाच पिकते ती अंधारात. तपासणीचा अहवाल दोन माणसांनाच ठाऊक असतो, एक देणारा आणि एक घेणारा. म्हणून त्याचा सौदा होऊ शकतो. तोच अहवाल इमारतीच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लावला, शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, कोणते दोष सापडले, ते दूर करण्याची मुदत केव्हा संपते, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता आले, तर सौद्याला जागाच उरत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ हेच सांगते : सार्वजनिक यंत्रणेने माहिती मागण्याची वाट न पाहता ती स्वतःहून जाहीर करावी. रुग्णालयाच्या भिंतीवर मंत्र्यांचे हसरे चेहरे लावण्यास जागा असते. या चार ओळींसही असली पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशांचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार देशभरातील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी केंद्राने ५००० कोटी रुपयांची योजना काढली. आकडा भव्य दिसतो. परंतु एकशेचाळीस कोटी लोकसंख्येने त्याला भागले तर माणशी पस्तीस-छत्तीस रुपये येतात, तेही काही वर्षांत मिळून. एका माणसाच्या जिवाच्या रक्षणाची ही किंमत दोन-तीन कप चहाइतकी भरते. उलट भंडाऱ्याच्या दुर्घटनेनंतर प्रत्येक बालकामागे पाच लाख रुपयांची मदत राज्य सरकारने त्याच दिवशी जाहीर केली. दुःखी कुटुंबांना ती मिळालीच पाहिजे होती. पण या हिशेबातला तर्क लक्षात घ्या. मेल्यानंतरचा खर्च तातडीचा, त्याला मंजुरीची अडचण नाही. मरू नये म्हणून करायचा खर्च मात्र प्रस्तावाधीन. सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे याहून भेदक चित्र मला पस्तीस वर्षांच्या अध्यापनात कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नाही.

*

तपासणीची दुसरी बाजू शिक्षणाची. १४ एप्रिल हा दिवस आपण बाबासाहेबांच्या जयंतीचा म्हणून जाणतो. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली, त्याच्यावरच्या दारूगोळ्याचे स्फोट झाले, आणि आग विझवण्यास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. काय होते या सप्ताहात? हार, भाषणे, निवडक शाळांपुढे प्रात्यक्षिक, आणि वृत्तपत्रात एक छायाचित्र. उरलेले एक्कावन्न आठवडे आग सुटीवर असते, असा बहुधा समज असावा.

ज्या महाविद्यालयात मी नोकरीचा मोठा काळ काढला, तेथील ग्रंथालयाच्या दाराशी एक लाल नळकांडे टांगलेले होते. त्यावरच्या चिठ्ठीतली मुदत संपून दोन वर्षे झाल्याचे मला एकदा सहज दिसले. ग्रंथालयातील शिपायाला मी विचारले, "हे चालवायचे कसे, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "सर, त्याला हात लावायचा नाही असं सांगितलंय. चोरीला गेलं तर माझ्या पगारातून कापतील." त्या माणसाचा यात काही दोष नव्हता. दोष माझाही होता. मी त्या दाराने वर्षानुवर्षे ये-जा केली आणि त्या दिवशीही एक अर्ज लिहून गप्प बसलो.

आगीचे शिक्षण म्हणजे फलक आणि घोषवाक्ये नव्हेत. हाताला लागलेली सवय म्हणजे शिक्षण. धूर वर चढतो म्हणून खाली वाकून, भिंतीच्या आधाराने निघायचे. निघताना मागचे दार लोटून घ्यायचे. खटका काढून नळकांड्याचे तोंड ज्वाळेकडे नव्हे, तिच्या बुडाशी धरायचे. विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही. उद्वाहनात शिरायचे नाही. या पाच गोष्टी दहा मिनिटांत सांगता येतात, परंतु रात्री दोन वाजता, अंधारात, किंकाळ्यांमध्ये त्या हातून घडायच्या तर वर्षातून दोनदा रंगीत तालीम झालेली असावी लागते. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुले गेली. एका शाळेतील ९४ मुले! इतक्या किमतीनंतर तरी देशातील प्रत्येक शाळेत आगीची तालीम ही प्रार्थनेइतकी नित्याची व्हायला हवी होती. आपल्या गावातील शाळेत ती शेवटची कधी झाली, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावे.

आणि तालीम कोणाची घ्यायची, हाही प्रश्न आहे. सरकारी रुग्णालयातील परिचारिका कंत्राटी, सफाई कामगार ठेकेदाराचा, रखवालदार दुसऱ्या ठेकेदाराचा, विजेचा तंत्रज्ञ तिसऱ्याचा. ठेका बदलला की माणसे बदलतात, आणि शिकवलेले त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. ज्या वॉर्डात तीस खाटांना एक परिचारिका आहे, तेथे आग लागल्यावर तिने अगोदर कोणाला उचलावे? कायम नोकरी, पुरेशी माणसे आणि सुरक्षितता हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. कंत्राटीकरणाविरुद्धचा आपला लढा पगारपत्रकापुरता आहे असे समजणाऱ्यांनी भंडाऱ्याकडे पाहावे.

*

आता थोडे आपल्याविषयी. हा शहरी मध्यमवर्गाचा, नागरी सोयींचा प्रश्न आहे. वर्गलढ्याचा नाही, असे आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी ऐकले आहे. मला हे म्हणणे मान्य नाही. जळते कोण, हे पाहिले की प्रश्नाचा वर्ग कळतो. २५ मे २०२४ या एकाच दिवशी राजकोटच्या खेळघरात आणि दिल्लीच्या एका खासगी शिशू रुग्णालयात आगी लागल्या, तेव्हा पैसे मोजणारेही जळाले, हे खरे. परंतु पैसे मोजणाऱ्याला पुढच्या वेळी दुसरे दार निवडता येते. सरकारी वॉर्डातल्या आईला ते येत नाही. ज्याला पर्याय नाही, त्याच्यासाठीच सार्वजनिक संस्था असतात, आणि सार्वजनिक संस्थांचा आग्रह धरणारे आपण, त्या सुरक्षित असाव्यात याचा आग्रह धरणार नसू, तर खासगीकरणवाल्यांच्या हाती आपणच कोलीत देतो. 'सरकारी म्हणजे असेच' हे वाक्य त्यांच्या उपयोगाचे आहे.

म्हणून पक्षाने पाच मागण्या हाती घ्याव्यात, असे मी सुचवितो. एक, सहामाही प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीची नेमणूक मालकाने करण्याची पद्धत बंद व्हावी. शुल्क मालकाने शासनाच्या निधीत भरावे आणि तपासनीस शासनाने आळीपाळीने पाठवावा. दोन, सरकारी इमारतींच्या तपासणीचा अधिकार ज्या विभागाची ती इमारत आहे त्याच्याहून स्वतंत्र अशा राज्यपातळीवरील यंत्रणेस असावा, आणि तिचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे यावा. तीन, प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या दर्शनी भागी शेवटच्या तपासणीचा निष्कर्ष मराठीत लावणे बंधनकारक व्हावे. चार, अंदाजपत्रकात सार्वजनिक इमारतींच्या विद्युत व अग्निसुरक्षा दुरुस्तीसाठी स्वतंत्र शीर्षक असावे आणि त्यातील निधी दुसरीकडे वळवता येऊ नये. पाच, रुग्णालये, शाळा आणि वसतिगृहे यांत वर्षातून दोनदा तालीम व्हावी, ती कंत्राटी कामगारांसह व्हावी, आणि त्या वेळेचा पगार त्यांना मिळावा.

परंतु मागण्यांचे पत्रक काढून थांबणे ही आपली जुनी खोड आहे. जानेवारी आणि जुलै हे दोन महिने कायद्यानेच ठरवून दिले आहेत. त्या महिन्यांत प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या सरकारी रुग्णालयाचे, शाळेचे आणि वसतिगृहाचे प्रमाणपत्र माहितीच्या अधिकारात मागावे. दाखला मिळाला तर तो हातात घेऊन इमारतीत जावे आणि कागदावरचा पंप विहिरीवर आहे का, कागदावरचे दार उघडते का, ते पाहावे. दाखला मिळाला नाही तर तसे गावात जाहीर सांगावे. रुग्ण कल्याण समितीवर, शाळा व्यवस्थापन समितीवर, नगरपरिषदेत आपले जे कोणी असतील त्यांनी हा विषय पटलावर आणावा. आणि हे करण्याआधी आपल्या विचारांच्या मंडळींनी चालवलेल्या शिक्षणसंस्था, वसतिगृहे, सभागृहे यांची तपासणी करून घ्यावी. आपल्याच दाराशी मुदत संपलेले नळकांडे टांगलेले असेल, तर दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचा अधिकार आपल्याला नाही.

भंडाऱ्याची ती दहा बालके आज जिवंत असती तर शाळेत जाऊ लागली असती. कोणत्या शाळेत? बहुधा जिल्हा परिषदेच्या. त्या शाळेची तपासणी झाली आहे काय?